सतरा नंबरची पुढची तारीख

१

मेलेल्या माणसाचे अक्षर ताजे असू शकत नाही, हे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. पण त्या गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता कर्करोग संशोधन संस्थेच्या तळघरात चार शहाणी माणसे उभी होती आणि चौघांचीही बोबडी वळली होती.

बाईंना जाऊन सहा दिवस झाले होते. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी आपल्या खुर्चीत, टेबलावर हात ठेवलेल्या अवस्थेत, त्यांचे हृदय बंद पडले. चाळीस वर्षे त्यांनी एकच प्रश्न उराशी धरला होता. शरीरातल्या प्रत्येक पेशीत पुस्तक तेच असते. मग कुठले पान वाचायचे आणि कुठले मिटून ठेवायचे हे कोण ठरवते, आणि कर्करोगात त्या ठरवणाऱ्याची बुद्धी कुठे गहाण पडते? शोधता शोधता बाईंना एक स्विच सापडला. गाठीतल्या पेशींत तो बंद होता. चालू केला की पेशी वाढायची थांबे. त्यावर बेतलेल्या औषधाची माणसांवर चाचणी करायची का, हे ठरवणारी बैठक या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी होती.

हे सगळे काम झाले ते एका बाईच्या स्तनातल्या गाठीच्या पेशींवर. एकतीस वर्षांपूर्वी काढलेली ती गाठ सतराव्या रुग्णाची, म्हणून त्या पेशींचेही नाव सतरा नंबर. त्या काचेत वाढत राहिल्या, फ्लास्क भरला की त्यातल्या थोड्या पुढच्या फ्लास्कमध्ये जात राहिल्या आणि आता त्यांच्या दोनशे कुप्या नायट्रोजनच्या टाकीत गोठलेल्या होत्या. त्यांतल्या चार कुप्या अगदी पहिल्या महिन्यातल्या, मूळच्या; बाकीच्या सगळ्या गेल्या वीसेक वर्षांतल्या.

बाईंच्या सामानाची मोजदाद करताना त्याच चार नाहीशा झाल्याचे कळले.

मग बाईंची स्वतःची छोटी खोली उघडली. तिची किल्ली बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होती आणि तो कोट शुक्रवारपासून संचालकांच्या कपाटात कुलूपबंद होता. खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये, त्या दमट उबेत, चार फ्लास्क उभे होते. पेशींचे खाणे म्हणजे एक गुलाबी पाणी. पेशी ते खातात तसे ते नारिंगी होते, मग पिवळे. सहा दिवस कोणी पाहिले नसेल तर पाणी पिवळेधमक हवे होते. ते गुलाबी होते. चौथ्याचा रंग किंचित उतरलेला, इतकेच.

म्हणजे बंद खोलीत कोणीतरी त्यांना खाऊ घालत होते. आणि प्रत्येक फ्लास्कवरच्या चिठ्ठीवर बाईंच्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात ‘सतरा’ आणि खाली तारीख होती. पहिल्यावर रविवारची, दुसऱ्यावर सोमवारची, तिसऱ्यावर बुधवारची.

चौथ्यावर आजची होती.

२

संस्थेत काही हरवले की संचालकांना पोलिसांच्या आधी भिंगकाकांची आठवण होई. पोलिसांना बोलावले की मागोमाग वर्तमानपत्रे येतात. भिंगकाकांना बोलावले की फक्त भिंगकाका येतात. याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांनी उभा जन्म गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यात घालवला होता. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली तरी खिशातले भिंग काही सुटले नव्हते. लोक म्हणत, काका जेवायला बसले तरी आधी भाताचे शीत तपासतात.

फोन आल्यावर अर्ध्या तासात ते आले, पण तळघराच्या जिन्यापाशी थबकले. पंचवीस वर्षे ते हा जिना उतरले नव्हते. कोणी विचारले की गुडघ्यांचे निमित्त सांगत.

गुडघे ठणठणीत होते. सतरा नंबरची रुग्ण म्हणजे त्यांची बायको होती.

हे दोनच माणसांना माहीत होते, काकांना आणि बाईंना. रुग्णाचे नाव फोडायचे नाही हा नियम दोघांनी कसोशीने पाळला. गाठ काढायच्या आदल्या दिवशी बाईंनी कागदावर सही मागितली तेव्हा बायको हसून म्हणाली होती, “घ्या की. एवढी ऐतोबासारखी बसून होती, आता तरी तिला काही कामाला लावा.” त्यानंतर ती सहा वर्षे जगली. ती गेली आणि खाली तळघरात तिचा एक कण मात्र खात राहिला, वाढत राहिला. ही गोष्ट काकांना धड सुखाची वाटेना, धड दुःखाची. म्हणून ते जिना टाळत. आज मात्र तिचे पहिले, खरेखुरे कण कोणीतरी उचलून नेले होते, आणि ते परत मिळेपर्यंत काकांना चैन पडणार नव्हते. संचालकांना मात्र ते यातले काहीच बोलले नाहीत.

खाली यंत्रांची एकसुरी घरघर चालू होती. टाकीचे झाकण नुकतेच लागले होते आणि पांढरे धुके जमिनीवरून पायांपर्यंत येत होते. काकांनी इन्क्युबेटरच्या काचेला भिंग लावले. चिठ्ठ्यांच्या कडा आतल्या दमटपणाने वळल्या होत्या. चारही सारख्याच वळल्या होत्या. रविवारची जेवढी, तेवढीच आजचीही.

त्यांना काहीतरी आठवू पाहत होते. जुन्या इस्पितळात, ही इमारत होण्याआधी, त्यांचा आणि बाईंचा एकच इन्क्युबेटर होता. एकदा बाईंच्या फ्लास्कवरची तारीख वाचून काका चक्रावले होते आणि बाई पोट धरून हसल्या होत्या. कशावरून, ते काही केल्या आठवेना.

“आज सकाळी मी खोली उघडून सील लावेपर्यंत इथे कोणीही शिरलेलं नव्हतं,” मागून संचालक हळूच म्हणाले. “रविवारी तर इमारतच बंद होती. काका, मी विज्ञानाचा माणूस आहे. पण मला इथे उभं राहवत नाहीये.”

३

पहिली बोलायला आली ती बाईंची विद्यार्थिनी. चणीने एवढीशी, बोलणे भरभर, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पाच वर्षे ती सतरा नंबरवर प्रबंध करत होती. डोळे रडून सुजले होते, पण बोलताना कुठे अडखळली नाही.

काकांनी तिला आधी सतरा नंबरच्या स्वभावाबद्दलच विचारले. पेशींनाही स्वभाव असतो. रोज वाढवणाऱ्याला तो घरच्या माणसासारखा ठाऊक असतो.

“राक्षसीण आहे ती, काका,” चिमणी म्हणाली. “आज खायला घातलं की परवा पाणी पिवळं. पाच वर्षांत मी एक सुट्टी धड घेतलेली नाही. आई म्हणते, सासूसुद्धा इतकं राबवून घेणार नाही.”

गेल्या दोन महिन्यांत काही वेगळे घडले का? चिमणीने आठवून सांगितले की तिचा एक लेख छापायला जायचा होता आणि नियतकालिकाने पेशींची ओळखपरेड मागितली. हल्ली सगळेच मागतात. पेशी ज्या माणसाच्या म्हणता त्याच्याच आहेत ना, एवढे पाहायचे. तिने नमुना धाडला. अहवाल बाईंकडे येणार होता. तिने तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, अजून आला नाही. त्यानंतर त्या छोट्या खोलीत एकट्याच काम करू लागल्या, कोणाला आत घेईनात.

“तिथे काय करतात ते वहीत लिहीत असतील ना?”

“लिहीत होत्या. त्रेसष्ट नंबरची वही, काळ्या पुठ्ठ्याची. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या टेबलावर पाहिली होती.” चिमणीचा आवाज खाली आला. “काका, बासष्ट वह्या कपाटात आहेत. त्रेसष्टावी कुठेच नाही.”

४

त्रेसष्टावी वही कोणाला नको होती, हे शोधायला लांब जायला नको असे वाटत होते. बाईंच्या हाताखालचे उपप्रमुख दर दोन मिनिटांनी मनगट पाहत. त्यांच्या पाठीमागे त्यांना घड्याळजी म्हणत. उद्याची बैठक त्यांनीच जमवून आणली होती. बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या वरच्या बसायच्या खोलीतून फाइल काखोटीला मारून बाहेर पडताना पहारेकऱ्याने पाहिले होते.

ते मुळीच गडबडले नाहीत. फाइल चाचणीच्या कागदांची होती, ती त्यांनी काकांपुढे टाकली. वही तेव्हाही टेबलावर नव्हती.

“आणि त्या चार कुप्यांचं म्हणाल तर एवढा गहजब कशाला? जवळजवळ दोनशे शिल्लक आहेत. मूळ काय आणि पुढची पिढी काय, पेशी त्याच.”

“त्याच,” काका म्हणाले. त्यांना हा माणूस आवडत नव्हता, पण खोटे बोलताना दिसत नव्हता.

घड्याळजींनी मनगट पाहिले. उद्या बाहेरची मंडळी इमारत पाहणार होती. मेलेली बाई तळघरात येऊन पेशींना भरवते अशी कुजबुज सफाई कामगारांपर्यंत पोचली होती. तेव्हा आज पाच वाजता बाईंचा इन्क्युबेटर रिकामा करून, फ्लास्कमधले सगळे जंतुनाशकात ओतून, खोली धुऊन काढायची. संचालकांची सही त्यांनी घेतलीही होती.

दुपारचे अडीच वाजले होते.

५

तिसरे दादा. पेशी वाढवायच्या खोलीचे ते अठ्ठावीस वर्षे रखवालदार, आचारी, दाई, जे म्हणाल ते. प्रत्येक पेशीची पाण्याची बाटली वेगळी, तिच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. चुकून एकीची बाटली दुसरीच्या फ्लास्कला लागली तर दादा चारचौघांत पाणउतारा करायचे. नवे विद्यार्थी त्यांना संचालकांपेक्षा जास्त भीत.

शुक्रवारी बाईंना पहिल्यांदा पाहिले ते दादांनीच. दिवा का चालू आहे म्हणून ते वर गेले होते. हे सांगताना त्यांनी हातातला पांढरा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आधी वाटले बाईंचा डोळा लागलाय, असे ते म्हणाले.

काकांनी हळूच विचारले, बंद खोलीत पेशींना कोण खाऊ घालत असेल? दादांनी मान हलवली. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण बाईंवर होता, असे ते म्हणाले. मग उठता उठता एकदम म्हणाले,

“पाच वाजता खरंच ओतून टाकणार, साहेब? थोडं थांबता नाही का येणार? सतरा नंबर हळू जेवणारी आहे हो. तिला घाई केलेली चालत नाही.”

काका जागीच थबकले. त्यांची बायको तशीच जेवायची. सगळ्यांची ताटे उचलली जायची आणि ही आपली सावकाश एकेक घास घेत बसलेली. तिच्यासाठी थांबता थांबता काकांचा हात वाळून जायचा. दादांना हे कोणी सांगितले नव्हते. सांगणारे या जगात कोणी नव्हतेच.

ते उठले. मागे यंत्रांची घरघर चालू होती आणि क्षणभर, विज्ञानाच्या साऱ्या शिकवणीला न जुमानता, त्यांना वाटले की त्या काचेच्या दाराआड खरेच कोणीतरी सावकाश जेवत बसले आहे.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर ते थांबले. अंगावर काटा आला तो भुताने नव्हे. चिमणी म्हणाली होती, राक्षसीण. दादा म्हणत होते, हळू जेवणारी. दोघेही त्याच पेशींजवळ वर्षानुवर्षे बसलेले, आणि दोघांच्याही डोळ्यांत खोटेपणा नव्हता.

मग दोघे एकाच पेशीबद्दल बोलत नव्हते.

६

चार वाजता काकांनी सगळ्यांना छोट्या खोलीत बोलावले. संचालक, घड्याळजी, चिमणी आणि दाराशी दादा. त्यांनी सील काढायला लावले आणि आत ठेवलेल्या फ्लास्कांकडे बोट दाखवले.

“सगळे म्हणताय पाणी गुलाबी, म्हणजे नुकतंच वाढलंय. ताट भरलेलं दिसलं की दोनच गोष्टी असतात. एक तर आत्ताच वाढलंय, नाही तर जेवणारं माणूसच नाही. सकाळपासून सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिलं का?”

कोणीच पाहिले नव्हते. भीती वाटली की शहाणी माणसेसुद्धा आधी डोळे मिटतात. चिमणीने पहिला फ्लास्क उचलून काचेखाली धरला, मग दुसरा, मग तिसरा.

“रिकामे,” ती म्हणाली. “नुसती मेलेली टरफलं तरंगताहेत.”

चौथा फ्लास्क तिने लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही. “आहेत,” ती शेवटी म्हणाली. “थोड्याच आहेत, पण चिकटून बसल्यात. जिवंत आहेत. पण ही आमची सतरा नंबर नाही, काका. ही मी कधी पाहिलेलीच नाही.”

“ही मूळची सतरा नंबर,” काका म्हणाले. “त्या चार कुप्या चोरीला गेल्या नाहीत. आपण त्यांना थंडीत शोधत बसलो. त्या उबेत होत्या. बाईंनीच त्या एकामागून एक वितळवल्या. एकतीस वर्षं गोठलेल्या पेशी सहज उठत नाहीत. तीन उठल्या नाहीत. चौथी उठली.”

“आणि तारखा?” संचालकांनी विचारले. “रविवारी बाई हयात नव्हत्या.”

काकांना ते हसू आता नीट आठवत होते. आपण सगळे फ्लास्कवर खायला घातल्याची तारीख लिहितो. जुन्या इस्पितळात बाई उलटे करत. त्या पुढची तारीख लिहीत, पुन्हा बघायचे त्या दिवसाची. काकांनी तेव्हा त्यांच्या फ्लास्कवर परवाची तारीख वाचून, अहो हे काय, परवा अजून उजाडायचाय, असे विचारले होते आणि बाई म्हणाल्या होत्या, काल जेवलात हे वाचून कोणाचे पोट भरत नाही. भूक कधी लागणार ते लिहावे. इथे आल्यावर संस्थेच्या नियमाने त्यांना ती सवय सोडावी लागली. पण या खोलीतले काम संस्थेचे नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते, म्हणून सवयही स्वतःची. चारही चिठ्ठ्या शुक्रवारी सकाळी, एका बैठकीत लिहिलेल्या. म्हणून तर कडा सारख्या वळल्या. मेलेल्या तिघींनाही बाईंनी आणखी दोन-चार दिवसांची संधी दिली होती.

“या चौथीला आज भूक लागायची होती,” काका म्हणाले. “आणि आज पाच वाजता आपण तिला मोरीत ओतणार होतो.”

घड्याळजींनी मनगट पाहिले नाही.

“पण बाईंनी हे सगळं लपवून का केलं?” चिमणीने विचारले, आणि विचारता विचारताच तिचा चेहरा उतरला. “ओळखपरेडचा अहवाल आला होता.”

“आला असणार. आणि आपण वाढवतोय ती सतरा नंबर नाही, असं त्यात असणार. कधीतरी दुसरी, भराभर वाढणारी पेशी तिच्यात मिसळली आणि चार-सहा पिढ्यांत हिला खाऊन बसली. आज या इमारतीत संथ सतरा नंबर पाहिलेलं एकच माणूस आहे, आणि शुक्रवारी बाईंच्या टेबलापाशी पहिलं पोचलेलंही तेच.” काका दाराकडे वळले. “दादा, वही कुठे ठेवलीत?”

७

दादांनी नाकबूल केले नाही. ते गेले आणि बाटल्यांच्या कपाटाच्या तळातून, दोऱ्यांच्या रिळांखालून, काळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले.

सव्वीस वर्षांपूर्वीची एक दुपार होती. दादा तेव्हा कामाला नवे, लागून दोनच वर्षे झालेली. बाटल्या कमी पडल्या म्हणून त्यांनी नऊ नंबर आणि सतरा नंबर, दोघांना एकाच बाटलीतले पाणी दिले. आधी नऊ नंबरला, मग तीच नळी बुडवून सतराला. नऊ नंबर म्हणजे कोणा पुरुषाच्या फुप्फुसातली गाठ, वाढायला वाघ. आठवड्याभराने सतरा नंबर धावायला लागली. दादांना काय झाले ते कळले, पण बाई इतक्या खूश होत्या की त्यांची जीभ उचलेना. मग दर वर्षी ते सांगणे आणखी अवघड झाले. दोरे बांधायला सुरुवात त्याच आठवड्यात केली.

“अहवाल आला तेव्हा बाईंनी विचारलं, मी सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या टाकीकडे गेल्या.” दादांनी वही काकांच्या हातात दिली. “त्या गेल्या त्या संध्याकाळी वही समोर उघडी होती. वाटलं, हे बाहेर आलं तर त्यांचं नाव जाईल, माझं तर जाईलच. उचलली. तारखांचं पान पाहिलं, चौथीला गुरुवारी द्यायचंय. माझं नाव दिसलं ते पान मात्र वाचायचं धाडस झालं नाही.”

“खोलीत गेला होतात?”

“किल्ली कुठे होती? आणि सकाळी खोली उघडली तेव्हा कळलं की मी काही करायलाच नको. गप्प बसलो की पाच वाजता सगळं आपोआप मिटतंय.” त्यांनी डोळे पुसले. “पण उपाशी ठेवणं जमेना हो. म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडलं.”

काकांनी वहीचे शेवटचे पान काढले आणि मोठ्याने वाचले. सगळ्यांनी ऐकावे असे त्यांना वाटत होते, आणि दादांनी तर ऐकायलाच हवे होते.

‘दादाला वाटते पाप त्याचे. एक बाटली दोघींना देणे ही चूक आहे, कोणाच्याही हातून होईल अशी. पण आठवड्याभराने माझी संथ पेशी अचानक धावू लागली, आणि मला आनंद झाला. आवडीचे उत्तर समोर आले की प्रश्न विचारायचा असतो. मी विचारला नाही, सव्वीस वर्षे विचारला नाही. चूक माझी आहे आणि बैठकीत मीच ती सांगणार आहे. त्याआधी चौथी जगली पाहिजे.’

दादा भिंतीला टेकून खाली बसले. घड्याळजी पुढे झाले, टेबलावरचा आपला हुकूम उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. पाचला दहा मिनिटे होती.

८

“पण चौथीसुद्धा खरी कशावरून?” संचालकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. “ताडून पाहायला मूळ रुग्णाचं काहीतरी लागेल. एकतीस वर्षांपूर्वीचं. नावही ठाऊक नाही.”

काकांनी चष्म्याचे घर काढले. अस्तराखाली, मऊ कापडात गुंडाळलेली, काचेची एक पट्टी होती आणि तिच्यावर गाठीचा जांभळा, नखाएवढा काप. स्वतःच्याच बायकोची गाठ कोणी डॉक्टर तपासत नाही. काकांनी तपासली होती, आणि पट्टी परत ठेवली नव्हती.

“सतरा नंबर माझी बायको,” ते म्हणाले. “हे सकाळीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला खाली येऊ दिलं नसतं.”

संचालकांनी पट्टी उजेडात धरली आणि सांगितले की ताडून पाहायचे तर काप खरवडून काढावा लागेल, मागे नुसती काच राहील.

“माहीत आहे,” काका म्हणाले. “उभा जन्म मीच लोकांना हे समजावत आलोय.”

पंचवीस वर्षे ते जिच्यासाठी जिना टाळत होते ती खाली नव्हतीच. त्या दोनशे कुप्यांत एक अनोळखी पुरुष झोपला होता आणि काका त्याच्यासाठी हळवे होत होते. ती होती या चौथ्या फ्लास्कात, नाही तर कुठेच नव्हती. हे कळायला तिचा जपलेला शेवटचा तुकडा द्यावा लागणार होता. त्यांनी तो दिला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत चिमणीने बाईंच्या वहीचे शेवटचे पान वाचून दाखवले. पाच वर्षांचा आपला प्रबंध आपल्याच तोंडाने बुडवताना तिचा आवाज एकदाच फुटला. घड्याळजींनी उठून चाचणी थांबवण्याची सूचना मांडली. दादांना कामावरून काढण्याचा विषय निघाला तेव्हा वहीतले तेच पान पुन्हा वाचले गेले आणि विषय मिटला.

दीड महिन्याने निकाल आले. चौथा फ्लास्क आणि काचेवरचा काप जुळले. ती तीच होती. आणि बाईंचा स्विच तिच्या पेशींत बंद नव्हताच, चालू होता. बाईंचा शोध खरा होता, पण तो नऊ नंबरच्या त्या पुरुषाचा होता. तिच्या गाठीत कुठले पान चुकीचे उघडले, ते एकतीस वर्षांनंतर आता कुठे शोधायला सुरुवात होणार होती. चिमणीने नवी वही घातली आणि पहिल्या पानावर तोच जुना प्रश्न लिहिला.

काका आता दर सहाव्या दिवशी जिना उतरतात. दादा नव्या बाटलीचा पांढरा दोरा सोडतात आणि जुने पाणी काढून नवे घालतात. फ्लास्क जेमतेम निम्मा भरलाय. घाई करून उपयोग नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी चिमणीने पेन पुढे केले. काकांनी नव्या चिठ्ठीवर सतरा लिहिले, त्याखाली सहा दिवसांनंतरची तारीख घातली आणि चिठ्ठी अंगठ्याने नीट दाबून बसवली. इन्क्युबेटरचे दार लागले. दादा आणि चिमणी वर चहाला गेले, काकांनाही चला म्हणाले. काका म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आणि स्टूल ओढून काचेसमोर बसले. तिचे जेवण व्हायला अजून वेळ होता.